तीस वर्षांची नोकरी आणि एक 'हॅव'

आमच्या शेजारच्या काकूंची मुलगी कॅनडात असते. गेल्या वर्षी काका-काकूंनी तिच्याकडे तीन महिने राहायला जायचे ठरवले, तेव्हा व्हिसाच्या अर्जाबरोबर जोडायचे पत्र इंग्रजीत लिहून देण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले, कारण खरेदीखते, जन्मदाखले, मृत्युपत्रे आणि न्यायालयाचे निकाल मराठीतून इंग्रजीत करून देण्यावरच माझे घर चालते. काकू समोर बसून सांगत होत्या आणि मी टंकत होतो. 'ह्यांनी बँकेत तीस वर्षं नोकरी केलीय,' असे त्या म्हणाल्या आणि मी 'माय हजबंड हॅज वर्क्ड इन अ बँक फॉर थर्टी इयर्स' असे वाक्य लिहून पुढच्या मुद्द्याकडे वळलो. तीन आठवड्यांनी उलट विचारणा आली. अर्जात काकांच्या नावापुढे 'निवृत्त' असे लिहिलेले आहे, पत्रावरून मात्र ते अजून नोकरीत असल्याचे दिसते. नोकरीत असल्यास रजा मंजूर झाल्याचे पत्र सादर करावे, असा तिचा आशय होता. काकू मोबाइल हातात घेऊन तशाच माझ्याकडे आल्या. 'अरे, ह्यांना रिटायर होऊन आठ वर्षं झाली. आता ह्यांना रजा कोण देणार, मी?'

विचारणा करणाऱ्याचे काहीच चुकले नव्हते. 'हॅज वर्क्ड' हे क्रियापद आणि 'फॉर थर्टी इयर्स' हा कालावधी एका वाक्यात शेजारी-शेजारी आले, की इंग्रजी वाचणाऱ्याच्या मनात ती तीस वर्षे आजच्या दिवसापर्यंत येऊन पोचतात आणि माणूस अजून त्याच टेबलाशी बसलेला दिसतो. नुसते 'ही हॅज वर्क्ड इन अ बँक' असे लिहिले असते, तर बँकेतल्या कामाचा अनुभव गाठीशी आहे, एवढाच अर्थ निघाला असता. 'ही वर्क्ड इन अ बँक फॉर थर्टी इयर्स' असे लिहिले असते, तर नोकरी संपली हे वेगळे सांगावेही लागले नसते. काकूंच्या मराठी वाक्यात यातले काहीच नाही. 'केलीय' म्हणजे 'केली आहे', आणि 'केली आहे' एवढेच म्हटल्याने काका आज बँकेत जातात की बागेत, याचा काही पत्ता लागत नाही. मराठी ऐकणाऱ्याला त्या पत्त्याची गरजही नसते, कारण नोकरी चालू असती तर काकू 'ह्यांना बँकेत तीस वर्षं झाली' किंवा 'तीस वर्षं झाली, करतायत' असे म्हणाल्या असत्या. मी 'आहे' पाहिले आणि हात आपोआप 'हॅव'कडे गेला. व्यवसायाने अनुवादक असलेल्या माणसाचा हात असा जातो, याचे मूळ मला पाचवीच्या वर्गात सापडते.

आमच्या वेळी जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे. काळ शिकवताना गुरुजींनी फळ्यावर जे सूत्र लिहून दिले, ते महाराष्ट्रात माझ्या वयाच्या बहुतेकांना आजही पाठ असेल: क्रियापदाच्या शेवटी 'ला, ली, ले' आले तर साधा भूतकाळ, 'ला आहे, ली आहे, ले आहे' आले तर 'हॅव' किंवा 'हॅज', आणि 'ला होता, ली होती, ले होते' आले तर 'हॅड'. 'मी पत्र लिहिले' म्हणजे 'आय रोट अ लेटर', 'मी पत्र लिहिले आहे' म्हणजे 'आय हॅव रिटन अ लेटर'. परीक्षेत गुण मिळवून देण्याच्या दृष्टीने हे सूत्र निर्दोष होते, कारण परीक्षेतल्या वाक्यांत कधीच तारीख नसायची. कोणी कोणाला कधी पत्र लिहिले, हे आमच्या पुस्तकातल्या त्या 'मी'ला कोणी विचारले नाही.

तारीख आली की सूत्र मोडते, आणि ते मोडल्याचे मराठी कानाला कळत मात्र नाही. 'मी कालच त्याला सांगितले आहे' हे वाक्य मराठीत सरळ आणि ठणठणीत आहे. 'आम्ही २०१२ साली या सोसायटीत फ्लॅट घेतलेला आहे' हेही तसेच. इंग्रजीत 'आय हॅव टोल्ड हिम यस्टरडे' म्हटले की ते चुकते, मग बोलणारा कितीही शिकलेला असो. काल, गेल्या महिन्यात, १९६० साली, दोन वर्षांपूर्वी, मी लहान असताना, असा संपून गेलेला आणि नेमका काळ वाक्यात आला, की इंग्रजी 'हॅव'ला दारातूनच परत पाठवते. 'कधी?' या प्रश्नातही तोच काळ दडलेला असतो, म्हणून 'व्हेन हॅव यू कम?' चालत नाही आणि 'व्हेन डिड यू कम?' चालते, मराठीत 'कधी आलास?' आणि 'कधी आलायस?' दोन्ही एकाच घरात, एकाच दारात विचारले जातात.

नोकरीच्या अर्जांचे मसुदे तपासायला लोक माझ्याकडे पाठवतात, आणि त्यांतली पहिली दुरुस्ती जवळजवळ ठरलेली असते. 'आय हॅव कम्प्लीटेड माय बी.कॉम. इन २०१२.' लिहिणाऱ्याच्या मनात 'मी २०१२ साली बी.कॉम. केलेले आहे' हे वाक्य आहे, आणि त्यातला 'आहे' फुकटचा नाही. पदवी आज माझ्या नावावर आहे, हवे तर प्रमाणपत्र दाखवतो, असे तो 'आहे' सांगतो. ही ग्वाही इंग्रजीतही देता येते, पण मग साल सोडावे लागते: 'आय हॅव अ बी.कॉम. डिग्री'. साल हवे असेल तर ग्वाही सोडावी लागते: 'आय कम्प्लीटेड माय बी.कॉम. इन २०१२'. दोन्ही एका क्रियापदात बसवायची सोय मराठीने करून ठेवली आहे आणि इंग्रजीने ठेवलेली नाही.

सरकारी मराठीत तर या 'आहे'चे पीकच येते. 'सदर पत्र दिनांक ५ मार्च रोजी पाठविण्यात आलेले आहे', 'सदर इमारत १९६० साली बांधण्यात आलेली आहे', अशी वाक्ये फायलींमधून वर्षानुवर्षे वाहत आली आहेत, आणि त्यांचे इंग्रजी करताना 'द लेटर हॅज बीन सेंट ऑन फिफ्थ मार्च' हे रूप इतक्या सहजतेने उतरते की ते लिहिणाऱ्याला, तपासणाऱ्याला आणि सही करणाऱ्यालाही खटकत नाही. मी स्वतः सुरुवातीची काही वर्षे असेच लिहीत होतो. इथे 'वॉज सेंट' हवे, 'वॉज बिल्ट' हवे. एवढीशी दुरुस्ती आहे, पण एका निकालपत्रात ती चाळीस ठिकाणी करावी लागते.

लंडनमध्ये थोर व्यक्तींच्या घरांवर निळ्या गोल पाट्या लावलेल्या असतात. किंग हेन्रीज रोडवरच्या दहा क्रमांकाच्या घरावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाची अशी पाटी आहे. हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. पाटीवर मजकूर थोडाच आहे, पण त्याचे क्रियापद 'लिव्ह्ड हिअर' असे आहे आणि पुढे १९२१-२२ ही साले आहेत. हाउली प्लेसवरच्या लोकमान्य टिळकांच्या पाटीवरही 'लिव्ह्ड हिअर' आणि १९१८-१९१९ असेच आहे. आपल्यापैकी कोणी त्या घरासमोर उभे राहून मुलांना सांगू लागला, तर त्याच्या तोंडून 'बाबासाहेब या घरात राहिलेले आहेत, बरं का!' असेच येईल, आणि त्या 'आहेत'मध्ये अभिमानाचा जो भार आहे तो 'राहिले' या एकट्या शब्दात येणार नाही. त्याचे इंग्रजी 'आंबेडकर हॅज लिव्ह्ड हिअर' असे केले तर एकीकडे साले आडवी येतात, आणि साले पुसून टाकली तरी दुसरी अडचण उरते: जी व्यक्ती आज हयात नाही, तिला कर्ता करून 'हॅव' लावले की इंग्रजी कानाला ते वाक्य जरा विचित्र लागते, कारण 'हॅव' त्या माणसाला आजच्या दिवसात ओढून आणू पाहते. या बाबतीत भाषाशास्त्रज्ञांचे एक आवडते उदाहरण आइन्स्टाइनचे आहे. 'आइन्स्टाइनने प्रिन्स्टनला भेट दिली आहे' हे इंग्रजीत 'हॅज व्हिजिटेड' लावून म्हटले तर खटकते, पण तेच वाक्य फिरवून प्रिन्स्टनला कर्ता केले की खटकत नाही, कारण प्रिन्स्टन जागेवर आहे. मराठीत आपण 'तुकोबांनी म्हटले आहे' असे रोज म्हणतो आणि तुकोबांच्या वैकुंठगमनाने त्या 'आहे'ला काडीचा धक्का लागत नाही.

हे असे का होते, याचा सर्वांत स्वच्छ खुलासा मला हान्स रायशेनबाख या तत्त्वज्ञाच्या मांडणीत सापडला. त्याने १९४७ साली काळांचे जे विश्लेषण केले, त्यात दोनऐवजी तीन बिंदू धरले: घटना घडली तो क्षण, आपण बोलतो आहोत तो क्षण, आणि ज्या जागी उभे राहून आपण घटनेकडे पाहतो तो क्षण. साध्या भूतकाळात बोलणारा मनाने घटनेपाशी जाऊन उभा राहतो. 'आय मेट हिम' म्हणताना तो त्या दिवसात, त्या खोलीत असतो. पूर्ण वर्तमानकाळात तो इथेच, आजच्या ओट्यावर बसून मागे पाहतो. म्हणून इंग्रजीत आणि मराठीतही या काळाचे नाव वर्तमानकाळ असेच आहे, हे आम्ही शाळेत इतक्या वेळा घोकले की त्याचा अर्थ लक्षात घ्यायचे राहूनच गेले. आता मराठीचा 'आहे'सुद्धा आजच्या ओट्यावरूनच बोलतो, तर मग त्याला 'काल' कसा चालतो? माझ्या समजुतीप्रमाणे मराठी वाक्यात 'काल' हा शब्द 'सांगितले'ला चिकटतो आणि 'आहे' मोकळा राहतो: काल सांगितलेले असे काहीतरी आज शिल्लक आहे. इंग्रजीत 'हॅव टोल्ड' हा एकजीव गोळा होऊन बसला आहे आणि 'यस्टरडे'ला त्यातला फक्त मागचा अर्धा भाग धरता येत नाही. इंग्रजीत हे असे का, यावर व्होल्फगांग क्लाइन या भाषाशास्त्रज्ञाने १९९२ साली स्वतंत्र निबंधच लिहिला आणि त्यात या प्रकाराला कोडे म्हटले. त्यामुळे सांगली-साताऱ्याच्या पोरांना ते सुटले नाही, यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

सूत्राच्या तिसऱ्या ओळीने, म्हणजे 'होता'च्या जागी 'हॅड' या ओळीने, केलेले नुकसान मला अधिक मोठे वाटते, जरी त्याच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. 'मी काल मुंबईला गेलो होतो' हे आपण सहज म्हणतो, आणि त्यात आणखी कुठल्याही घटनेचा संबंध नसतो. गेलो आणि परत आलो, प्रकरण मिटले, एवढेच 'होतो' सांगतो. उलट 'मी काल मुंबईला गेलो' एवढेच म्हणून थांबलो, तर समोरचा 'बरं, मग?' असे विचारेल, कारण नुसत्या 'गेलो'ने गोष्टीला सुरुवात होते. इंग्रजीत नेमके उलटे आहे. 'आय वेंट टू मुंबई यस्टरडे' हे पूर्ण आणि मिटलेले वाक्य आहे, तर 'आय हॅड गॉन टू मुंबई यस्टरडे' म्हटले की ऐकणारा तिष्ठत बसतो: तुम्ही गेला होतात, आणि तेवढ्यात काय झाले? आमच्या कचेऱ्यांतली आणि घरांतली इंग्रजी 'हॅड'ने भरलेली असते, ती या 'होतो'मुळे. एकदा हे लक्षात आले की साध्या भूतकाळाची व्याप्ती किती मोठी आहे ते कळते. मराठीतल्या 'गेलो', 'गेलो होतो' आणि तारखेसह येणाऱ्या 'गेलेलो आहे' या तिन्ही रूपांना इंग्रजीत बहुतेक वेळा एकच दार आहे, 'वेंट'.

नकाराची गंमत वेगळी आहे. 'मला पैसे मिळाले' आणि 'मला पैसे मिळाले आहेत' यांत मराठी फरक करते, पण नकार आला की दोन्ही 'मिळाले नाहीत' या एका रूपात विरघळतात. 'मिळालेले नाहीत' असे एक वेगळे रूप आहे खरे, पण ते रोजच्या बोलण्यात कमी आणि तक्रारीच्या अर्जात जास्त दिसते. इंग्रजीत मात्र दोन वाटा उघड्याच राहतात आणि त्यांतली एक निवडावी लागते. एका परदेशी ग्राहकाला मी पूर्वी 'आय डिड नॉट रिसीव्ह द पेमेंट' असे कळवले होते. माझ्या मनात 'अजून मिळाले नाहीत, येतील' असे होते. त्याचे उत्तर काहीसे घाबरलेले आले: रक्कम दुसऱ्या खात्यात गेली का, बँकेने परत पाठवली का, नेमके काय बिघडले? 'डिड नॉट'ने प्रकरण बंद करून टाकले होते. पैसे यायचे होते ते आले नाहीत, आता पुढे काय, असा सूर त्याला ऐकू आला. 'आय हॅव नॉट रिसीव्ह्ड द पेमेंट येट' लिहिले असते तर दार उघडे राहिले असते आणि त्याने फक्त तारीख पाहून सांगितली असती. तेव्हापासून 'अजून' हा शब्द मराठी वाक्यात लिहिलेला नसला, तरी मनात आहे का, ते मी आधी तपासतो. असेल तर 'हॅव नॉट', नसेल तर 'डिड नॉट'.

'हॅव' जिथे हवेच असते अशा कितीतरी जागी मराठीत 'ले आहे' दिसतही नाही, हा या गोंधळाचा दुसरा अर्धा भाग. 'मी २०१५ पासून इथे काम करतो' हे मराठीत साधे वर्तमान आहे, म्हणून आपण 'आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स २०१५' म्हणून मोकळे होतो. इंग्रजी तिथे 'हॅव बीन वर्किंग' मागते, कारण भूतकाळात सुरू होऊन आजपर्यंत चालत आलेली गोष्ट तिच्या हिशेबी याच काळाच्या वाट्याची आहे. 'मी तिला लहानपणापासून ओळखतो' यातल्या 'ओळखतो'ला 'हॅव नोन' व्हावे लागते. 'मी पहिल्यांदाच बर्फ पाहतोय' यातला 'पाहतोय' इंग्रजीत गेला की 'धिस इज द फर्स्ट टाइम आय हॅव सीन स्नो' असा वेश बदलून उभा राहतो. आणि 'तुमच्या लग्नाला किती वर्षे झाली?' या प्रश्नात तर मराठी 'झाली' असा चक्क साधा भूतकाळ वापरते, ज्याचे इंग्रजी 'हाउ लाँग हॅव यू बीन मॅरीड?' असे होते. तिथे 'वेअर यू मॅरीड' म्हणालात तर समोरच्या जोडप्याने एकमेकांकडे पाहावे, असा अर्थ होतो.

याच्या उलट, 'ले आहे' दिसते पण 'हॅव' नको, अशीही क्रियापदे आहेत: 'तो बसला आहे', 'बाळ झोपले आहे', 'ती दारात उभी राहिली आहे'. इथे बसणे, झोपणे या कृती झाल्या की नाहीत याला महत्त्व नसून चाललेली अवस्था सांगायची असते, आणि तिच्यासाठी 'ही इज सिटिंग', 'द बेबी इज अस्लीप' असे म्हणावे लागते. मात्र एका जागी मराठीची चण इंग्रजीशी इतकी चपखल जुळते की शिकवताना मी ती आवर्जून सांगतो. 'तो दिल्लीला गेला आहे' म्हणजे 'ही हॅज गॉन टू दिल्ली', तो अजून तिकडेच आहे. 'तो दिल्लीला जाऊन आला आहे' म्हणजे 'ही हॅज बीन टू दिल्ली', तो परत आला, अनुभव त्याच्या पदरात आहे. 'गॉन' आणि 'बीन' यांच्यात चाचपडणाऱ्या मुलांना 'जाऊन आला' हे दोन शब्द दिले की त्यांचा प्रश्न तिथल्या तिथे सुटतो.

दोन्ही भाषांचे हे काळ मुळात एकाच प्रकारच्या मातीतून आलेले आहेत, हे कळल्यावर मला त्यांच्या भांडणाचा राग येईनासा झाला. आपले 'केले', 'लिहिले' हे मूळचे क्रियापद नव्हेच. संस्कृतातल्या 'कृत', 'लिखित' अशा धातुसाधितांना प्राकृतात 'इल्ल' जोडून ते घडले. म्हणूनच 'मी आंबा खाल्ला' आणि 'मी पोळी खाल्ली' असे क्रियापद आंब्यापोळीप्रमाणे बदलते, आणि जुन्या मराठीत या 'मी'च्या जागी 'म्यां' हे तृतीयेचे रूप होते: माझ्याकडून आंबा खाल्ला गेलेला. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेले 'श्रीचावुंडराजें करवियलें' हे वाक्यही असेच आहे. चावुंडरायाकडून करविलेले, एवढेच ते सांगते, आणि त्यात ना 'आहे' आहे ना 'होते'. त्या धातुसाधितालाच पुढे 'आहे' लागला की आपला पूर्ण वर्तमानकाळ होतो. इंग्रजीनेही हेच केले, फक्त 'आहे'ऐवजी मालकीचे क्रियापद घेतले. 'माझ्याजवळ पत्र लिहिलेले आहे' अशा अर्थाची जी जुनी रचना होती, तिच्यातली मालकी हळूहळू झिजत जाऊन 'मी पत्र लिहिले आहे' एवढा अर्थ उरला. येणे, जाणे, उठणे अशा क्रियापदांना तर इंग्रजीही पूर्वी आपल्यासारखे 'असणे' हेच क्रियापद लावत असे. १६११ च्या इंग्रजी बायबलात येशू उठला आहे हे 'ही इज रिझन' असे येते. 'तो आला आहे'चे शब्दशः इंग्रजी 'ही इज कम' असे करणारा पाचवीचा मुलगा चारशे वर्षे उशिरा जन्मला, इतकाच त्याचा दोष.

आता मी काय करतो, ते सांगतो. मराठी वाक्यातल्या 'आहे'कडे मी मुळीच पाहत नाही. त्या वाक्याला मी 'कधी?' असा प्रश्न विचारतो. उत्तर वाक्यात असेल, किंवा बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मनात एकच ठरलेली वेळ असेल, तर साधा भूतकाळ. मनात ठरलेली वेळ असणे हे महत्त्वाचे आहे, कारण पुष्कळदा ती लिहिलेली नसते. कालच्या लग्नाबद्दल बोलणे चालले असेल, तर 'जेवण आवडलं का?' याला 'डिड यू लाइक द फूड?' हेच हवे, 'काल' शब्द तोंडातून निघालेला नसला तरीही. 'कधी?' हा प्रश्नच गैरलागू वाटत असेल आणि त्याऐवजी 'आजपर्यंत', 'अजून' किंवा 'एकदा तरी' यांपैकी एखादा शब्द वाक्यात खपत असेल, तर 'हॅव'. वर्तमानपत्रातली बातमी यासाठी चांगला धडा आहे, आणि इथे मराठीचा कान दगा देत नाही. मंत्रिमंडळाने अमुक निर्णय घेतला आहे, असे पहिले वाक्य दोन्ही भाषांत पूर्ण वर्तमानात येते, आणि मंगळवारी बैठक झाली, अमुक म्हणाले, तमुक यांनी विरोध केला, हा तपशील साध्या भूतकाळात उतरतो. अलीकडे वाहिन्यांवरचे प्रतिनिधी 'घटना मंगळवारी रात्री घडलेली आहे, पोलीस दाखल झालेले आहेत, पंचनामा करण्यात आलेला आहे' असे प्रत्येक वाक्याला 'आहे'चे शेपूट लावतात. त्यांचे बोलणे ऐकून कोणी इंग्रजी काळ शिकू नयेत.

एक जागा अशी आहे जिथे घड्याळ पाहावे लागते, आणि ती मला आजही थोडी चेष्टेची वाटते. 'आज सकाळी मी तीन फोन केले' हे वाक्य सकाळी अकरा वाजता इंग्रजीत सांगायचे तर 'आय हॅव मेड थ्री कॉल्स धिस मॉर्निंग' म्हणता येते, कारण सकाळ चालू आहे आणि चौथाही फोन होऊ शकतो. तेच वाक्य दुपारी तीनला सांगायचे तर सकाळ हातची गेलेली असते, म्हणून 'आय मेड'. मराठीत सकाळ केव्हाही झालेली असो, फोन 'केले' ते केले. काकूंना निघण्यापूर्वी थोडे इंग्रजी बोलायला शिकवत होतो, तेव्हा हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, 'म्हणजे बोलण्याआधी घड्याळ बघायचं? मग मी गप्पच बसते.'

त्यांचे पत्र मी विचारणा आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केले होते. 'हॅज वर्क्ड'चे 'वर्क्ड' झाले, पुढे 'रिटायर्ड' आणि निवृत्तीचे साल आले, पेन्शनचे कागद जोडले गेले, आणि व्हिसा मिळाला. मी पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता. उलट एक एवढासा 'हॅज' खोडण्यासाठी काकांना बँकेत जाऊन दोन तास थांबावे लागले, त्याबद्दल मला त्यांची क्षमा मागावी लागली.

तिकडे पोचल्यावर आठवड्याभराने काकूंचा फोन आला. त्यांचा नातू तिथेच जन्मलेला आहे आणि शाळेतून आला की आजीला विचारतो, 'डिड यू ईट येट?' काकूंना मी 'हॅव यू ईटन?' असे शिकवले होते. 'अरे, तू तर मला 'हॅव' म्हणायला लावलंस, आणि हा रोज 'डिड' म्हणतो. चुकतोय का हा?' मी त्यांना सांगितले, की चुकत नाही; अमेरिका-कॅनडातल्या बोलण्यात 'येट', 'जस्ट', 'ऑलरेडी' यांच्याबरोबर साधा भूतकाळ सर्रास चालतो आणि ब्रिटिश वळणाचे लोक तिथे 'हॅव' पसंत करतात, पण 'काल'बरोबर 'हॅव' दोघेही लावत नाहीत. काकूंनी हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, 'म्हणजे दोन्ही बरोबर?' मी 'हो' म्हणालो. तिकडे दुपारचे दोन वाजले असावेत, म्हणून विषय बदलावा या हेतूने मी विचारले, 'काकू, तुम्ही जेवलात का?'

'जेवले ना, मघाशीच.'

फोन ठेवल्यावर काही वेळ मी त्या 'मघाशी'चाच विचार करत होतो. तो आजचा आहे, अगदी जवळचा आहे, जेवण अजून पोटात आहे, आणि तरीही इंग्रजीत त्याला 'अ व्हाइल अगो' म्हणावे लागेल, म्हणजे पुन्हा 'एट'.